चव्वेचाळिसावं नाव

एकतीस जानेवारीला आमची कंपनी अंधेरीच्या एमआयडीसीतून गाशा गुंडाळून गुजरातला जाणार होती आणि माझ्या हातात दुसरी नोकरी नव्हती. डिसेंबरभर डोक्यात हे एकच घोळत होतं. भाजी चिरताना, बसमध्ये, देवापुढे हात जोडतानासुद्धा. एकवीस वर्षं मी तिथलं डिस्पॅच सांभाळलं. सलाइनच्या नळ्या आणि इंजेक्शनच्या सुया कुठल्या हॉस्पिटलला, कुठल्या गाडीने, किती वाजता पोचणार, हे माझ्या टेबलावरून ठरायचं. वय सत्तेचाळीस. या वयात बाई नोकरी मागायला गेली की लोक तिला पाणी देतात, खुर्ची देतात, चहासुद्धा देतात. नोकरी तेवढी देत नाहीत.

आणि नोकरी मला हवीच होती. माझा नवरा जयवंत, त्याचं भांडुपचं वर्कशॉप बंद पडल्यापासून विमा एजंट आहे. माणूस लाखात एक, पण त्याला पॉलिसी विकता येत नाही. समोरच्याने अडचण सांगितली की हाच त्याचं सांत्वन करून परत येतो. मुलगी दिशा इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. घर माझ्या पगारावर चालतं, हे आम्ही तिघंही जाणतो आणि कोणी बोलत नाही.

दिशाने मला हाताखाली घेतलं. एका रविवारी लॅपटॉप घेऊन ती समोर बसली.

"आई, ट्रान्सफरेबल स्किल्स सांग तुझे."

"म्हणजे?"

"म्हणजे या नोकरीतून उचलून दुसऱ्या नोकरीत नेता येतील असे गुण."

"लग्नात माहेरून भांडी आणतात तसे?"

"हां, तसेच. कुठल्याही गॅसवर चालतील असे. बोल, दिवसभर तू काय करतेस?"

"फोन करते. काशीराम ड्रायव्हरला पाचदा विचारते, कुठे पोचलास. तो म्हणतो, घोडबंदरला. म्हणजे तो अजून घरीच असतो. मग मी दुसरी गाडी काढते आणि हॉस्पिटलवाल्यांना सांगते, अर्धा तास उशीर होईल. ओरडत नाही कोणावर."

तिने इंग्रजीत तीन ओळी ठोकल्या. वाचल्यावर वाटलं, ही बाई कोण, हिला तर मीच नोकरी देईन. पण ते कागद चौदा ठिकाणी पाठवून एकाही ठिकाणाहून फोन आला नाही. रोज सकाळी मी आधी मेल बघायची आणि मग दूध तापवायची. छातीत एक धडधड कायमची मुक्कामाला आली होती.

"नुसतं अर्ज टाकून होत नाही गं," दिशा म्हणाली. "नेटवर्किंग कर. लोकांना सांग, तू नोकरी शोधतेयस."

इथे माझी गाडी अडली. आम्ही सावंत, कोकणातली माणसं. घरात चूल पेटली नाही तरी दारातल्या पाहुण्याला सांगणार, आत्ताच जेवलो. तोंड उघडून मागायचं म्हणजे जीव जातो आमचा. पण सतरा दिवस उरले, सोळा उरले, आणि मला उपाय सुचला. हळदीकुंकू. संक्रांत झाली की रथसप्तमीपर्यंत घरोघर चालतंच. बायका आपणहून आपल्या घरी येतात, तिळगूळ घेतात, गोड बोलतात. त्या बोलण्यात आपलं काम हळूच सरकवायचं. कोणाच्या दारात जायला नको.

मी यादी केली. हे काम मात्र माझं. नाव, विंग, स्वतः कुठे नोकरीला, नवरा कुठे, भाऊ-दीर-जावई कुठे. नाहूरच्या आमच्या सोसायटीतल्या तीन विंग मिळून त्रेचाळीस बायका झाल्या. वाण म्हणून छोट्या डायऱ्या आणि पेन आणले. दिशाच्या आग्रहाखातर प्रत्येक डायरीच्या पहिल्या पानावर छापून घेतलं: रेवती सावंत, डिस्पॅच आणि पुरवठा, एकवीस वर्षांचा अनुभव, खाली फोन नंबर.

दिशाने यादीवरून नजर फिरवली. "नंदामावशी राहिली. बी दोनशेदोन."

"तिला कसं बोलवणार?"

"का?"

"का म्हणजे काय. अनंतभावोजींना जाऊन दोनच वर्षं झालीयत. तिलाच वाईट वाटेल चारचौघींत."

"तिला विचारलंस?"

"असल्या गोष्टी विचारत नाहीत, दिशा."

जयवंत पेपर वाचत होता. त्याने पान उलटलं. मलाही पुढे विषय नको होता. खरं सांगते, मला नंदाताईच्या मनाची काळजी नव्हती. ज्येष्ठ बायका नाकं मुरडतील, कोणी हळद लावायला कचरेल, आणि माझ्या कामाच्या दिवशी मला ते नको होतं. नंदाताई कुठल्यातरी हॉस्पिटलात काम करते, इतकंच मला माहीत होतं. भावोजी गेल्यापासून मी विचारलंही नव्हतं. त्याआधी सलग नऊ वर्षं ती माझ्या हळदीकुंकवाला सगळ्यांत पहिली यायची आणि खुर्च्या मांडायला हात लावायची.

सोसायटीच्या खुर्च्या हव्यात म्हणून मी ग्रुपवर मेसेज टाकला: कंपनी जाण्याआधीचं शेवटचं हळदीकुंकू, खुर्च्या लागतील, सगळ्या या. पण 'सगळ्या या' त्रेचाळीस जणींसाठी होतं. त्यांना वेगळं आमंत्रण गेलं.

शनिवारी पाचपासून रीघ लागली. मी हळद लावत होते, कुंकू लावत होते, अत्तर फिरवत होते आणि प्रत्येकीला तेच वाक्य सांगत होते. एकतीस तारखेला कंपनी बंद, काही असेल तर सांगा हं. सांगताना कानशिलं तापायची. बायका म्हणायच्या, "अगंबाई, खरंच? तुला काय, कोणीही घेईल." आणि मग डायरी उलटून बघायच्या. तिघींनी मलाच विचारलं, जाता जाता आमच्या मुलाला कुठे चिकटवता येईल का. एकीने दारूची दुकानं किती वाढली यावर पाव तास घेतला. साडेसात वाजता माझा गळा बसला होता आणि यादीतली एकेचाळीस नावं संपली होती.

बेचाळिसावी आली जान्हवी. सी विंगमधली, नवीन लग्न झालेली, मुलुंडच्या एका हॉस्पिटलात एक्स-रे विभागात आहे. तिळगूळ तोंडात टाकत ती म्हणाली, "काकू, आमच्याकडे स्टोअरला जागा आहे. सप्लाय कोऑर्डिनेटर. अर्जंट भरायचीय. आमच्या मॅडमनी मला मुद्दाम सांगितलं, त्या डिस्पॅचवाल्या सावंतबाईंना कळव म्हणून."

"तुमच्या मॅडम मला ओळखतात?"

"हो, असं वाटलं," ती म्हणाली, तेवढ्यात मागून कोणीतरी हाक मारली, आणि मी कुठली मॅडम ते विचारलंच नाही. मला नोकरी दिसली होती. मॅडम कुठून दिसणार?

शेवटच्या सात-आठ जणींना सोडायला मी खाली गेले. लिफ्टचं दार उघडलं आणि समोर नंदाताई. खांद्याला पर्स, हातात भाजीची पिशवी, शनिवारचंही काम आटपून आलेली. तिने आमच्या कपाळांकडे पाहिलं. हातातल्या डायऱ्यांकडे पाहिलं.

"झालं वाटतं हळदीकुंकू," ती म्हणाली. "छान."

"हो ना, अचानकच ठरलं," मी म्हणाले.

अचानक! आठ दिवस आधी मीच ग्रुपवर खुर्च्या मागितल्या होत्या आणि ती त्या ग्रुपवर आहे. ती फक्त "बरं" म्हणाली आणि लिफ्टमध्ये शिरली. मी जिना चढूनच वर गेले, पाच मजले.

मंगळवारी, अठ्ठावीस तारखेला, मुलाखत. दिशाने उत्तरं पाठ करून घेतली होती. बाहेरच्या बाकावर आणखी चौघं बसलेली, चौघंही माझ्याहून तरुण, आणि एकाच्या हातात चामड्याची फाइल. मी माझी प्लास्टिकची फाइल पर्समध्ये सरकवली. नाव पुकारलं तेव्हा उजव्या पायाला मुंग्या आल्या होत्या, त्यामुळे मी आत गेले तीही लंगडत.

टेबलापलीकडे तिघं. एचआरचा धवल म्हणून एक मुलगा, स्टोअर बघणारे पिकलेल्या केसांचे डॉक्टर, आणि कडेला, खिडकीपाशी, नंदाताई. गळ्यातल्या ओळखपत्रावर लिहिलेलं: व्यवस्थापक, प्रशासन.

वाट लागली. मनात एवढंच आलं. ती म्हणाली, "बसा, मिसेस सावंत." अकरा वर्षांत तिने मला कधी अहो-जाहो केलं नव्हतं.

धवल विचारत गेला, मी सांगत गेले. पूर आला तेव्हा नळ्या कशा पोचवल्या, संपात गाड्या कुठून काढल्या. बोलता बोलता आवाज स्थिर झाला, कारण हे पाठ केलेलं नव्हतं, केलेलं होतं. नंदाताईने एकही प्रश्न विचारला नाही. मग डॉक्टर म्हणाले, "आमच्याकडे अठरा वॉर्ड आहेत. रोज यादी करायची, रोज माल पाठवायचा. एखादा वॉर्ड राहून गेला तर?"

मी रंगात आले होते. "राहणार नाही, सर. एकवीस वर्षांत माझ्या यादीतून एक नाव सुटलेलं नाही."

बोलले आणि मग माझं मलाच ऐकू आलं. नंदाताई वहीत काहीतरी लिहीत होती. तिचं पेन थांबलं. तिने वर पाहिलं नाही. थोड्या वेळाने पेन पुन्हा चालू झालं.

घरी येऊन मी दिशाला म्हणाले, "गेली ही नोकरी." का, ते सांगितलं. ती माझ्यावर चिडेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "मग जाऊन सॉरी म्हण ना."

"आता? आता गेले तर म्हणेल, नोकरीसाठी आली. निकालानंतर गेले तर म्हणेल, मिळाली म्हणून आली. नाही मिळाली आणि गेले तर..."

"तर काय?"

तर मी जाणार नाही, हे मला ठाऊक होतं. तेच जास्त लागलं. बुधवार गेला, गुरुवार गेला. रोज ऑफिसला जाताना दुसऱ्या मजल्यावर लिफ्ट थांबू नये म्हणून मी देवाचा धावा करायची.

शुक्रवारी शेवटचा दिवस. टेबलाचा खण रिकामा केला, काशीराम बुके घेऊन आला, माझ्याहून तोच जास्त रडला. साडेसहाला नाहूरला उतरले, घरी जाऊन तोंड धुतलं, हळदीकुंकवाचा करंडा, तिळगुळाची वाटी, उरलेल्यांतलं एक पेन आणि डायरी ताटात ठेवली. फोन दिवसभर पर्समध्येच होता. तीही सवयीने खांद्याला अडकवली. बी दोनशेदोनची बेल वाजवली.

नंदाताईने दार उघडलं. ताटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मेल वाचून आलीस?"

"कसला मेल?"

"तीन वाजता गेलाय तुला."

मी पर्समधून फोन काढून तसाच तिच्या हातात दिला. न वाचलेले मेल, सहा. तिने पाहिले, आणि फोन चपलांच्या कपाटावर पालथा ठेवला.

"मग ये आत."

मी उंबऱ्यातच बोलले, नाहीतर पुन्हा धीर झाला नसता. "ताई, मी त्या दिवशी मुलाखतीत म्हणाले, यादीतून नाव सुटत नाही. तुझं सुटलं नव्हतं. मी गाळलं होतं."

"माहितीय," ती म्हणाली. "तुझ्या याद्या मी नऊ वर्षं बघितल्यात. म्हणूनच जान्हवीला म्हटलं, तिला कळव." मग सावकाश म्हणाली, "मला वाटायचं, बाकीच्यांचं सोड, रेवती तरी येईल. दोन संक्रांती वाट बघितली."

मला रडू आलं. तिने मला रडू दिलं, थांबवलं नाही. मग मला आत घेतलं आणि खुर्चीत बसून कपाळ पुढे केलं. मी हळद लावली, कुंकू लावलं. कुंकू थोडं नाकावर सांडलं. ते तिने पुसलं नाही.

"आणि ऐक," ती म्हणाली. "मी मार्क दिलेले नाहीत. तू ओळखीतली आहेस, हे मी आधीच लिहून दिलं होतं. त्या दोघांनी दिले, तू पहिली आलीस. माझे उपकार नाहीत तुझ्यावर. सोमवारी साडेआठला हजर व्हायचं. उशीर चालत नाही."

एवढ्या दिवसांची धडधड थांबायला हवी होती, ती थांबेना.

तिने डायरी उघडली, पहिलं पान वाचलं आणि पहिल्यांदा हसली. "हा नंबर माझ्याकडे आहे गं. अकरा वर्षं झाली. माझा आहे का तुझ्याकडे?"

नवीन फोन घेतला तेव्हा मी नंबर निवडून निवडून भरले होते. तिचा भरला नव्हता. मी खोटं बोलणार होते, नाही बोलले. पेन घेतलं आणि डायरीचं मागचं पान फाडायला लागले.

"फाडू नकोस, माझं वाण आहे ते," नंदाताई म्हणाली. "हातावर लिही."

मी हळदीने पिवळा झालेला तळहात पसरला आणि ती एकेक आकडा सांगत गेली.