सासऱ्यांच्या गुडघ्यांचा लॅपटॉप

सासऱ्यांच्या लॅपटॉपची बॅटरी बेडकासारखी फुगली होती. कीबोर्ड मधोमध वर आलेला, झाकण मिटता मिटेना. जावई सारखा बजावत होता, कारण ते धूड मांडीवर घेऊन सासरे रोज दुपारी व्हॉलीबॉलचे जुने सामने बघत. तीस वर्षं पंच होते ते, हे सामनेही त्यांनीच चालवलेले. शिट्टी अजून गळ्यात.

"बाबा, एक दिवस पेट घेईल हा!"

"घेऊ दे. मीही तापटच आहे."

मग जावयाने सकाळी नवाच आणून दिला. वहीएवढा पातळ, आत एआरएम नावाची नव्या जातीची चिप, पंख्याची घरघर नाही. पेनड्राइव्हवरून सासऱ्यांचा लाडका व्हिडिओ प्लेअर टाकला. पण तो जुन्या जातीच्या चिपसाठी लिहिलेला. त्याचं बोलणं नव्या चिपला कळेना, म्हणून मशीनने मध्ये दुभाष्या बसवला आणि धापा टाकत एकेक ओळ समजून घेऊ लागलं. चेंडू हवेतच विचार करत थांबायचा.

जावयाला कसंसंच झालं. दुपारी येऊन त्याने त्याच प्लेअरची एआरएमसाठीची आवृत्ती टाकली. चित्र पाण्यासारखं वाहू लागलं!

सासऱ्यांनी दहा मिनिटं पाहिलं आणि गुपचूप जुना बेडूक मांडीवर घेतला.

"काय झालं, बाबा?"

"जीव नाही त्याच्यात."

"अहो, सकाळपेक्षा कितीतरी..."

फुर्रर्र! शिट्टी. विषय संपला.

जावई तडक स्वयंपाकघरात. "आई, यांचं नेमकं दुखतंय काय?"

"गुडघे!" सासूबाई हळूच म्हणाल्या. "जुना तापतो ना, फुकटचा शेक मिळतो. शेकायची पिशवी दिली तर म्हणतात, मी काय म्हातारा झालो? सकाळी तुमचा नवाही छान तापला होता. मग जावईबापू, तुम्ही येऊन तो सुधारलात."

जावयाच्या चेहऱ्यावर शाळेतलं जुनं खोडकर हसू उगवलं. त्याने चांगली आवृत्ती काढली, सकाळची चुकीची परत टाकली. वर सेटिंगमध्ये जाऊन ग्राफिक्सची मदतही बंद केली. आता सगळं ओझं एकट्या प्रोसेसरच्या मानेवर. पाचच मिनिटांत त्याने लॅपटॉपच्या बुडाला हात लावून पाहिला. झक्कास शेक!

"घ्या बाबा. खास पंचांसाठीची आवृत्ती."

सासऱ्यांनी तो मांडीवर घेतला आणि डोळे अर्धे मिटले. इतक्यात चेंडू हवेत अडकला, खेळाडूही अडकला, तसे ते ताडकन सरळ झाले.

"अरे लबाडा! पाय रेषेवर! तेव्हा दिसलंच नाही मला! गुण परत!"

फुर्रर्र! सासूबाईंच्या हातातून चमचा पडला.

मग सासऱ्यांनी पायानेच जुना लॅपटॉप जावयाकडे सरकवला.

"न्या तो बेडूक. आणि जावईबापू, याला पुन्हा हात लावाल, तर मैदानाबाहेर काढीन!"