गुफरानची भिंत
“दगड भिजवला व्हतास का?” राजेसाबने तिसऱ्यांदा विचारले.

“फवारा मारला की, अब्बा.”

“फवारा! दाढी करायला बसलास व्हय रं?”

सात रस्त्याजवळच्या एका बंगल्यात, बाथरूमच्या अर्धवट फरशीवर उकिडवा बसून राजेसाब मोबाइलवर ओरडत होता. पलीकडे पोर्तुगालात सकाळचे आठ वाजले होते आणि त्याचा मुलगा गुफरान एका पडक्या किल्ल्याच्या तटाला टेकून बोलणी खात होता. बंगल्याचे मालक शरणप्पा दोनदा डोकावून गेले.

“मिस्त्री, फरशी आज बसणार का पुढच्या साली?”

राजेसाबने त्यांच्याकडे पाहिलेही नाही.

घराण्याचे काम चुन्याचे. तरुणपणी राजेसाबने किती दर्गे, किती गढ्या चुन्यात सांधल्या होत्या. मग सिमेंट आले आणि हा बाथरूममध्ये येऊन पडला. तरी पोराला दहा वर्षे सांगत होता, चुना शीक. तेव्हा साहेबांना चिंचोळीच्या कारखान्यात गळ्यात ओळखपत्र घालून फिरायचे होते. कारखाना सुटला, साहेब पोर्तुगालात गेले, तीन वर्षे शेतात फळे तोडली. आणि आता काम कसले मिळावे? तर चुन्याचे! हसावे की कपाळ बडवून घ्यावे, राजेसाबला कळेना.

आठवडाभराने इंजिनियर येऊन नमुन्याची भिंत तपासणार होता. दगडांच्या सांध्यांत भरलेला चुना टिकला तर तीन वर्षांचे काम पक्के, नाहीतर गुफरानला घरचा रस्ता. दोन दिवसांतच सांधे भेगाळले होते.

“आदी किल्ला दाखव मला.”

गुफरानने फोन फिरवला. “आठशे वर्सांचा हाय, अब्बा. ह्यो दरवाजा बघा, सरळ आत घुसताच येत न्हाय, आडवं वळावं लागतंय. ह्यो मधला बुरूज. त्याचं दार दोन पुरुष उंचावर. शिडी वर ओढून घेतली की दुश्मन खाली बोंबलत. आन अंगणाखाली पाण्याचं टाकं.”

“मग पडला कशानं?”

“भूकंपानं. ऱ्हायलेलं दगड गाववाल्यांनी घरं बांधायला नेलं.”

“तितंबी आपलीच माणसं म्हणायची,” राजेसाब म्हणाला. “जुना चुना बघ कसा बसलाय. करणारा फवारा मारत नव्हता. फुटल्यालं सांधं उकर, भरायच्या आदल्या दिशी दगड भिजव, न्हाईतर त्यो चुन्याचं पाणी पिऊन टाकतो. भरलास की लाकडानं ठोक. वरनं ओलं गोणपाट टाक आन मी सांगंपत्तर काढू नको.”

संध्याकाळी घरी हे सगळे ऐकून त्याच्या बायकोने, कमरुन्निसाने, निवडायचे तांदूळ बाजूला सारले.

“एक म्हणू? त्याला चुकीचं सांगा की.”

“काय?”

“गोणपाट काढ म्हणा. भिंत फुटंल, पोरगं घरी यील. चार वर्सं झाली. सख्ख्या बहिणीच्या लग्नाला आला न्हाय.”

“अगं, भिंत हाय ती!”

“आन मी कोण हाय?”

राजेसाब चिडला, चहा गार आहे म्हणून ओरडला. खरे तर त्यालाही पोरगा हवा होता. ईदला नमाजाला जाताना शेजारून कोणी चालत नसे, ते त्याला फार लागे.

शुक्रवारी जेवताना फोन आला.

“अब्बा, हितली पोरं म्हणत्यात झालं आता, गोणपाट काढ. काढू?”

भाकरी वाढणारा कमरुन्निसाचा हात थांबला. ती नवऱ्याकडे बघत राहिली. एक शब्द पुरे होता.

राजेसाबने फोन डोळ्यांजवळ नेला. गुफरानने गोणपाटाचा कोपरा उचलून दाखवला; सांध्यांतला चुना अजून काळपट, ओला होता.

“हात लावलास तर तंगडं मोडीन,” तो म्हणाला. “पाणी मार. अजून तीन दिस.”

कमरुन्निसाने भाकरी ताटात आपटली आणि ती आत गेली. पुढचे चार दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. त्यानेही तिला समजावले नाही. काय समजावणार?

पाचव्या दिवशी गुफरान फोनवर ओरडतच आला. “पास, अब्बा! इंजिनियरनं खिळ्यानं खरवडून बघितलं, कणबी न्हाय निघाला! तीन वर्सं पक्की!”

“दाखव.”

पडदाभर भिंत आली. सांधे एकसारखे, घट्ट. असे काम राजेसाबने वीस वर्षांत पाहिले नव्हते.

“डावा कोपरा अजून दाबायला पायजे व्हता,” तो म्हणाला.

कमरुन्निसा मागून आली आणि तिने फोन आपल्याकडे ओढला. “बास झाली भिंत. तोंड दाखव, बेटा.”

तेवढ्यात गुफरानला कोणीतरी हाक मारली.

“सही करून येतो, अम्मी. फोन ठिवू नका, आलोच.”

त्याने फोन एका दगडाला टेकवून ठेवला आणि तो धावत गेला. पावलांचा आवाज लांब गेला. पडद्यावर नुसती भिंत राहिली.

“किती दिस टिकंल ही?” कमरुन्निसाने विचारले.

“आपल्या माघारीबी.”

ती त्याच्या शेजारी बसली. फोन मध्ये धरून दोघे भिंतीकडे बघत राहिले.