श्वासमहाराजांचे तीन चेंडू

“उडाला! उडाला! तिसराही उडाला!”

अख्खा हॉल उठून उभा राहिला. टाळ्या काय, शिट्ट्या काय, कुणी तर चक्क हुंदके देत होतं. मंचावर निवृत्त टपालवाले काका तोंडात नळी धरून बसले होते. त्या नळीच्या दुसऱ्या टोकाला सोनेरी कागद आणि मणी चिकटवलेलं एक प्लास्टिकचं खोकं होतं. खोक्याचे कप्पे तीन, कप्प्यांत निळे चेंडू तीन, आणि तिन्ही चेंडू कप्प्यांच्या छताला चिकटलेले. काकांच्या मागे हात पसरून श्वासमहाराज उभे होते.

“पाहिलंत?” महाराज माइकमध्ये कुजबुजले. “घटकाभरापूर्वी या छातीत वाऱ्याची झुळूक नव्हती. अमृतवाफ घेतली आणि आता? आता वादळ आहे, वादळ! फुफ्फुस म्हणजे काय? आत्म्याचा भाता! भाता बिघडला तर डॉक्टरला काय कळणार? तो फोटो काढणार आणि म्हणणार, बघू!”

लोक खो खो हसले. मी हसले नाही. आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं मी. कुणी फारच टाळ्या घ्यायला लागलं की माझ्या भुवया आपोआप वर चढतात.

“ताई, भुवया खाली घे,” शेजारून माझा धाकटा भाऊ पुटपुटला. “लोक बघतायत.”

या भावाला सगळं गाव भोंगा म्हणतं. पाळण्यात असताना त्याचं रडणं तीन घरं पलीकडे ऐकू जायचं म्हणून आमच्या वडिलांनीच ठेवलेलं नाव. पुढे त्याने ते सार्थ केलं. ब्रास बँडमध्ये पहिला ट्रंपेट वाजवायचा. गेल्या साली तो विषाणूचा ताप आला. ताप गेला, विषाणूही गेला, पण जाताना फुफ्फुसांवर व्रण ठेवून गेला. आता ट्रंपेट ओठांना लावला की दोन सुरांत गडी खोकायला लागायचा. त्याची पहिली खुर्ची बँडने अजून रिकामी ठेवली होती. तो दर रविवारी जाऊन ती पुसून यायचा.

त्याच्या मांडीवर एक कापडी पिशवी होती. पिशवीत हॉस्पिटलने दिलेलं यंत्र होतं, औषधाचं धुकं करून नाकातोंडातून छातीत पोचवणारं. अशा व्रणांवर एक नवं औषध तपासून बघणं चाललं होतं आणि भोंगा त्या तपासणीत होता. पहिल्याच दिवशी डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ सांगितलं होतं, “निम्म्या लोकांना औषध मिळेल, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी. कुणाला काय मिळतंय ते तुम्हालाही कळणार नाही आणि मलाही नाही.”

“पण औषध लागू पडतं ना?” भोंग्याने विचारलं होतं.

“माहीत नाही,” बाई म्हणाल्या होत्या. “माहीत असतं तर तपासलं कशाला असतं?”

ते ‘माहीत नाही’ भोंग्याच्या डोक्यात जे जाऊन बसलं, ते बसलंच. जेवताना तेच, झोपताना तेच. “डॉक्टर होऊन म्हणते माहीत नाही! आणि हे महाराज बघ, म्हणतात तीन वाफांत पहिली खुर्ची!” मी समजावलं, त्याच्या बायकोने समजावलं, ढिम्म. शेवटी म्हटलं, चल, बघू तरी काय तमाशा आहे तो. सोबतीला बँडमधला ट्रॉम्बोनवाला पैलवानही आला.

महाराजांचा दरबार एका बंद पडलेल्या कापड-दुकानाच्या वरच्या मजल्यावर भरायचा. जिना असा उभा की धडधाकट माणसालाही वर पोचेपर्यंत फेस यावा. आणि वर आल्या आल्या, धापा टाकत असतानाच, पेशंटचे ठोके मोजून ‘पूर्वपरीक्षा’ व्हायची. त्यातली मेख माझ्या तेव्हाच लक्षात आली होती, पण चेंडूंचं गणित काही सुटत नव्हतं.

मंचाच्या पायथ्याशी एक भलीमोठी टोपली होती. महाराजांची अट एकच. हॉस्पिटलचं जे काही असेल ते आधी टोपलीत टाकायचं, मगच अमृतवाफ. टोपलीत दम्याचे पंप होते, गोळ्या होत्या, भोंग्याच्या यंत्रासारखी यंत्रंही होती. ते बघून माझं डोकं सणकलं.

तेवढ्यात भोंग्याला पुकारलं.

“या, ट्रंपेटसम्राट!” महाराज म्हणाले. “धरा हा प्राणदर्शक. फुंका!”

भोंग्याने गाल फुगवले आणि फुंकलं. चेंडू हलला नाही.

“जोर लावा! फुंका!”

त्याने डोळे मिटून, खांदे वर करून, होता नव्हता तेवढा जीव ओतला. तिन्ही चेंडू तळाशी मख्ख बसून राहिले.

“अरेरेरे!” महाराज लोकांकडे वळले. “याला म्हणतात पहिला ट्रंपेट! ही छाती नाही हो, रिकामं पोतं आहे!”

हॉलभर चुकचुकाट झाला. भोंग्याचा चेहरा पांढराफटक पडला. मला रडू आलं आणि रागही आला. मला दोन्ही एकदमच येतात. भोंग्याने मुकाट्याने पिशवी उचलली आणि टोपलीवर धरली.

आणि नेमकं तेव्हाच माझ्या डोक्यात लखकन काहीतरी चमकलं. टपालवाल्या काकांना वाफेनंतर महाराज काय म्हणाले होते? ‘आता हे अमृत आत ओढा, ओढा, ओढा!’ ओढा! आणि आधी? आधी त्यांनाही ‘फुंका’च म्हणाले होते. अहो, परीक्षेतला प्रश्नच बदललेला! इतकी वर्षं मुलांच्या मागे लागून सांगितलं, प्रश्न नीट वाचा रे, आणि मीच ऐकला नव्हता.

“थांब, भोंग्या! टाकलंस तर याद राख!” मी ओरडत मंचाकडे निघाले.

“माताजी, शांत व्हा,” महाराज म्हणाले. “शंका असेल तर श्रद्धेने विचारा.”

“श्रद्धेने शंका कशी विचारतात ते मला येत नाही. मी सरळच विचारते. पैलवान, वर ये.”

पैलवान आला. या माणसाने ट्रॉम्बोन फुंकला की मंडपाचं कापड हलतं, हे गावातल्या प्रत्येकाला ठाऊक. मी मंचावरच्या डब्यातली कोरी नळी त्या खोक्याला लावली आणि म्हटलं, “फुंक.”

पैलवानाने फुंकलं. मान फुगली, डोळे बाहेर आले, चेहरा टोमॅटोसारखा लाल झाला. चेंडू ढिम्म.

“याच्याही छातीत विष आहे!” महाराज घाईघाईने म्हणाले.

“ओ महाराज!” पैलवान खवळला. “सकाळी तलावात पोहून आलोय मी!”

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. मी पुन्हा नळी बदलली. “आता माझ्याकडे बघा. मी म्हातारी, वाफ घेतलेली नाही, श्रद्धा तर नाहीच नाही.” आणि मी श्वास आत ओढला.

टक्, टक्, टक्. तिन्ही चेंडू वर!

हॉलमध्ये जो काही गलका उठला!

“हा प्राणदर्शक वगैरे काही नाही,” मी सोनेरी कागद टराटरा फाडला. “श्वास आत ओढण्याचा व्यायाम करायचं हे साधं खेळणं आहे, औषधाच्या दुकानात मिळतं. हे ओढल्यावरच चालतं. फुंकलं तर वाऱ्याला चेंडूखाली जायची सोयच नाही. हॉस्पिटलात मोठ्या यंत्रावर आपल्याला फुंकायला लावतात, त्यामुळे कुणी ‘फुंका’ म्हटलं की आपण बिनतक्रार फुंकतो. आणि हा माझा भाऊ आणि हा पैलवान, यांचा तर जन्मच फुंकण्यात गेला! यांना नळी दिली की दुसरं सुचेल कसं? महाराज वाफेआधी फुंकायला लावतात, वाफेनंतर ओढायला. चमत्कार तेवढाच.”

“अहो, मला तर नुसता खोकला होता,” टपालवाले काका ओशाळून म्हणाले. “म्हटलं, एवढे लोक जातायत तर आपणही जावं.”

पैलवानाने मंचावरच्या, वाफ सोडणाऱ्या ‘अमृतकुंभा’वरची शाल उचलली. खाली चहाची विजेची किटली होती आणि शेजारी निलगिरी तेलाची बाटली. महाराजांना अचानक ध्यानाची वेळ आठवली आणि ते मागच्या दाराने जे गेले ते गेलेच. लोक टोपलीवर तुटून पडले. “हा माझा पंप!” “अहो, ती गोळ्यांची पट्टी माझी!”

भोंगा मात्र तिथेच उभा होता. मी नवी नळी लावून खोकं त्याच्या हातात दिलं. “आता तू. ओढ.”

त्याने ओढलं. एक चेंडू वर गेला. दुसरा थरथरला आणि खाली बसला.

“एकच?” तो म्हणाला. डोळ्यांत पाणी होतं.

“एकच. पण खरा आहे, भोंग्या. उद्या दुसरा गेला तर तोही खरा असेल.”

त्याने पिशवी छातीशी धरली आणि आम्ही सावकाश तो जिना उतरलो.

औषधाच्या दुकानातून तसंच खेळणं आणून भोंगा रोज श्वास ओढायला लागला, आणि तपासणी संपली तेव्हा दोन चेंडू सहज उचलत होता. बँडमध्ये परतलाही होता, पण दुसऱ्या खुर्चीवर, छोट्या छोट्या ओळी वाजवायला. डॉक्टरीणबाईंनी त्याला बोलावून, त्याला काय मिळत होतं ते लिहिलेलं बंद पाकीट फोडलं आणि म्हणाल्या, “तुम्हाला मिठाचं पाणी होतं.”

भोंगा खुर्चीवरून पडायचाच बाकी होता. “मग मी सुधारलो कसा?”

“वेळ गेला, तुम्ही रोज व्यायाम केलात, आणि काही माणसं आपसूकही सुधारतात. औषध घेणारे तुमच्यापेक्षा थोडे जास्त सुधारले. थोडेच. अजून मोठी तपासणी करायला हवी. पण हे थोडंसं कळलं ते तुमच्यामुळे. तुम्ही नसतात तर सगळं श्रेय आम्ही औषधालाच दिलं असतं.”

घरी आल्यावर भोंगा म्हणाला, “ताई, म्हणजे माझ्या पाण्यानेही काम केलं की गं!”

ही बातमी गावभर झाली आणि दुसऱ्याच दिवशी शेजारचा शिंपी दारात हजर. “भोंगाभाऊ, ते मिठाचं पाणी कुठे मिळतं हो? घरचं मीठ चालेल?”

मी कपाळावर हात मारला. तोंड उघडणार, एवढ्यात भोंगाच पुढे झाला. याच माणसाने त्या टोपलीवर पिशवी धरली होती, बरं का!

“खबरदार घरचं मीठ छातीत ओढशील तर!” तो कडाडला. “बस इथे. मी बरा झालो म्हणून पाणी गुणकारी ठरत नाही. ते घेतलं नसतं तर काय झालं असतं, हे आधी विचारायचं. स्वतःला विचारायचं, डॉक्टरला विचारायचं, महाराजाला तर पहिलं विचारायचं. आणि समोरचा म्हणाला ना, ‘माहीत नाही, बघू तपासून’, तर त्याचा हात सोडायचा नाही.”

शिंपी माझ्याकडे बघायला लागला. “बाई, हे काय बोलतायत?”

“नीट ऐक,” मी म्हटलं. “तो म्हणतोय तोच खरा प्रश्न आहे.”