पुढच्याने हात करायचा

रस्त्यात समोरून सायकलवाला आला की त्याला हात करायचं काम आमच्या घरात बायकोकडे होतं. घरातली कामं वाटून घेतलेली असतात, तसंच ते. टाकी मी धुवायचो, पाहुण्यांशी ती बोलायची. सायकलवर ती पुढे असायची आणि मी मागे.

निवृत्त झाल्यावर आम्ही दोघांनी सायकली घेतल्या. ती बस स्थानकात तिकीट खिडकीवर होती, मी लाकडाच्या वखारीत मोठ्या करवतीवर. रोज सकाळी शहराबाहेरच्या टेकडीपर्यंत जायचं, चढ चढायचा, वरच्या नळावर पाणी प्यायचं आणि उतरायचं. त्या रस्त्यावर सकाळी सायकलवाले बरेच असतात आणि त्यांच्यात हात करायची एक रीत आहे. कुठे लिहिलेली नाही, पण सगळे पाळतात. उतरणाऱ्याने आधी हात करायचा, कारण चढणाऱ्याला दम लागलेला असतो. चढणाऱ्याने हँडलवरून नुसतं एक बोट उचललं तरी चालतं. ज्याच्या सायकलवर ओझं आहे त्याने काहीच केलं नाही तरी कुणी मनाला लावून घेत नाही. आणि चार-पाचजण एकामागे एक जात असतील तर पुढच्याने हात करायचा. तो सगळ्यांचा धरला जातो.

ही रीत मला बायकोनेच सांगितली. तिला ती पहिल्या आठवड्यातच कळली होती. "आयुष्यभर काचेच्या भोकातून माणसांशी बोलले. इथं काच नाही, केवढं बरं वाटतं," असं ती म्हणायची. ती लांबूनच हात वर करायची, अगदी कोपर सरळ करून. समोरचा हसायचा. तोवर मी मागून यायचो, दोन्ही हातांनी हँडल धरून, आणि तो माझ्याकडेही तेच हसू घेऊन बघायचा. माझं काम परस्पर झालेलं असायचं.

मी हात करत नव्हतो, कारण मला एक हात सोडून सायकल चालवताच येत नव्हती. करवतीवर दोन्ही हात लाकडावर ठेवायचे असतात. हात सुटला की फळी उसळते आणि मग बोट जातं. आमच्या वखारीतून दहाच्या दहा बोटं घेऊन निवृत्त झालेला मी एकटा. ती सवय सायकलवर बसल्याने जात नाही. बायको कधीतरी चिडवायची, "अहो, हँडल आहे ते, पळून नाही जाणार." मी म्हणायचो, "तू करतेस ना."

गेल्या हिवाळ्यात ती गेली. तापाचं निमित्त झालं. घर होतं तसंच राहिलं, फक्त त्यात कुणी बोलेनासं झालं. चहा दोघांचा व्हायचा आणि मी दोन्ही कप पिऊन टाकायचो, कारण ओतून द्यायला जीव होत नव्हता.

थंडी सरल्यावर मी पुन्हा सायकल काढली. घरात बसून तिच्या खुर्चीकडे बघण्यापेक्षा ती जिथं रोज असायची त्या रस्त्यावर जावं, एवढाच विचार होता. समोरून येणारे मला ओळखायचे. आधी माझ्या पुढच्या मोकळ्या रस्त्याकडे बघायचे, मग माझ्याकडे, आणि हात वर करायचे. मी हँडल घट्ट धरून त्यांच्या शेजारून निघून जायचो.

उपाय करून बघितले. घंटी वाजवली, तर मी बाजू मागतोय असं समजून एक बाई खड्ड्यात उतरल्या. मान हलवली, तर हेल्मेट डोळ्यांवर आलं. तोंडाने नमस्कार म्हणायला गेलो, तर शब्द बाहेर पडेपर्यंत माणूस निघून गेलेला आणि तो नमस्कार रस्त्याकडेच्या पाटीला मिळाला.

हळूहळू त्यांनी हात करणं सोडलं. चूक त्यांची नाही. एकदा मी वरच्या नळावर पाणी पीत होतो आणि भिंतीच्या पलीकडे दोघं बोलत होते. त्यांतली एक पिवळ्या जाकिटातली बाई, आवाजावरून ओळखली. ती बायकोशी नेहमी थांबून बोलायची.

"त्या काकू किती छान होत्या ना," बरोबरचा माणूस म्हणाला.

"हो. काका मात्र घुमे आहेत. हात केला तर बघतसुद्धा नाहीत."

"दुःखात असतील हो."

"दुःखात आहेत म्हणून तर इतके दिवस मी एकटीच करत राहिले. आता नाही करत."

घुमा म्हटल्याचं मला काही वाटलं नाही, मी आहेच. पण बायकोने त्या रस्त्यावर एकेक करून जोडलेली माणसं माझ्या हातून निसटत होती. कपडे देऊन टाकले, चष्मा डबीत घालून ठेवला. ती माणसं मात्र अजून चालतीबोलती होती आणि मी ती घालवत होतो. तेवढं मला सहन होईना.

दुसऱ्या दिवशी सपाट रस्त्यावर एक गृहस्थ समोरून आले आणि मी हात उचलला. हँडल आडवं झालं. मी रस्त्यावर आणि सायकल माझ्यावर. त्या गृहस्थांनी उतरून मला उभं केलं.

"तुम्हाला हात करत होतो," मी म्हटलं.

"तो पोचला," ते म्हणाले. "पण पुन्हा करू नका."

मनगट सुजलं, गुडघा फुटला. संध्याकाळी मुलगी आली. ती दवाखान्यात एक्स-रे काढायचं काम करते, त्यामुळे मोडलेली हाडं तिने पोटभर बघितली आहेत. माझं मनगट तिने उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाली, "बाबा, सायकल विकून टाकू या."

"नको."

"रोज सकाळी माझं लक्ष फोनकडे असतं. फोन वाजला की वाटतं, तुमचंच काहीतरी. आईचं झालं ते पुरे आहे मला."

"हात सोडायला गेलो म्हणून पडलो. एरवी मी पडत नाही."

"मग सोडू नका हात."

"हात सोडायचा नसेल तर तिथं जाण्यात अर्थ नाही."

तिने माझ्याकडे बघितलं. मग मी तिला नळावरचं सगळं सांगितलं. ऐकताना ती गुडघ्याला मलम लावत होती, आणि लावून झालं तरी लावतच राहिली.

"बरं," शेवटी म्हणाली. "मनगट ठीक झालं की मला दाखवा. मी तुमच्या मागून येते. एक हात सोडून नीट चालवलीत तर मी पुन्हा हा विषय काढणार नाही. पडलात तर सायकल तिथूनच टेम्पोत."

"आणि नुसती डळमळली तर?"

"तर काय करायचं ते मी तिथं ठरवीन. आणि तिथं माझ्याशी हुज्जत घालायची नाही."

वखारीचा मुकादम माझ्या बरोबरीचा, पण अजून कामावर जातो. सुट्टीच्या दिवशी वखारीचं आवार मोकळं असतं. त्याने मला फाटक उघडून दिलं आणि स्वतः एका ओंडक्यावर बसून मजा बघायला लागला. त्याच्या डाव्या हाताला तीनच बोटं आहेत.

"हात करायला शिकायचं आणि तेही माझ्याकडे," तो म्हणाला. "मी कुणाला हात केला तर लोक विचारतात, तीन काय तीन?"

"बडबड कमी कर. माझं काय चुकतंय ते सांग."

"तू सायकल चालवत नाहीस, फळी दाबतोयस. सगळा भार हातांवर. मग हात काढलास की पडणार नाहीस तर काय? भार बुडावर टाक. देवाने ते कशाला दिलंय?"

"इतकी वर्षं हेच केलंय रे."

"ती करवत होती. इथं हात सोडलास तर हात तुझाच राहतो."

लाकडांच्या थप्प्यांमधून मी फेऱ्या मारू लागलो. आधी मुठी सैल केल्या. मग एक बोट उचललं, मग सगळी बोटं. मग डावा हात उचलून मांडीवर ठेवला. मांडीवर असेपर्यंत ठीक, पण हवेत गेला की माझ्या कानात करवत सुरू व्हायची आणि हात आपोआप हँडलवर यायचा. कितीतरी सुट्ट्या अशा गेल्या. एकदा थप्पीवर जाऊन आदळलो, तेव्हा मुकादमाने आधी फळ्या तपासल्या, मग मला. शेवटी तो स्वतःच ढकलगाडी घेऊन समोरून यायला लागला, सायकलवाल्याच्या जागी.

"कर हात," तो तीन बोटं वर करून म्हणायचा. "कर की घुम्या, मी काय तुझं कर्ज मागतोय?"

आवारात, सपाट जमिनीवर, त्याला मी हात करायला लागलो. रस्त्याचं माहीत नव्हतं.

ठरल्याप्रमाणे मुलगी एका सकाळी आली. बोळातून तिने आईची सायकल बाहेर काढली. ती आईपेक्षा उंच आहे, म्हणून मी सीट वर घेतली. आईच्या उंचीला ती इतकी वर्षं आवळलेली होती, तिथं दांडीवर एक काळी रेघ उमटलेली होती. आम्ही दोघांनी तिच्याकडे बघितलं. मग मी नट आवळला.

दारातून मुलगीच आधी निघाली. ती सायकल माझ्या पुढे आणि तिच्यावर कुणीतरी बसलेलं. माझे पाय थांबले. तिने वळून बघितलं आणि बाजूला झाली.

"बाबा, मी मागून बघणार आहे. तुम्ही पुढे व्हा."

त्या रस्त्यावर तिच्या आईबरोबर मी कधी पुढे नव्हतो.

सपाटीवर एकही सायकलवाला भेटला नाही. असं कधी होत नाही. "तुम्ही सगळ्यांना सांगून ठेवलंय का, आज येऊ नका म्हणून?" मुलगी मागून म्हणाली. मी दम राखून होतो. चढ सुरू झाला.

अर्ध्या चढावर ते दिसले. वरच्या वळणावरून अख्खी टोळी उतरत होती, एकामागे एक, आणि सगळ्यांत पुढे पिवळं जाकीट. माझ्या मनात पहिलं हे आलं की आपण चढावर आहोत, रीतीप्रमाणे एक बोट पुरे. मग दिसलं की पिवळ्या जाकिटाचे दोन्ही हात हँडलवर आहेत. उतरणाऱ्याने आधी करायचा, आणि ती करणार नव्हती.

म्हणून मी केला. चढावर सायकल जेमतेम पुढे सरकत असते, तिथं हात सोडणं सगळ्यांत अवघड. मी भार बुडावर टाकला, उजवी मूठ सैल केली आणि डावा हात उचलला. आधी खांद्यापर्यंत, मग कोपर सरळ करून पार वर. हँडल थरथरलं. कानात करवत सुरू झाली. मी हात खाली घेतला नाही.

पिवळ्या जाकिटातल्या बाईने माझ्याकडे बघितलं, मग माझ्या मागच्या सायकलकडे, मग पुन्हा माझ्याकडे. आणि तिचा हात वर गेला. "काका," ती एवढं मोठ्याने ओरडली की मागच्यांनी दचकून ब्रेक दाबले. एरवी पुढच्याने केला की सगळ्यांचा होतो. त्या दिवशी त्या टोळीतल्या एकेकाने केला. हात वर येत होते आणि माझ्या शेजारून वाऱ्यासारखे निघून जात होते. कुणी "वा काका" म्हणत होतं, कुणी नुसतं हसत होतं. सगळ्यांत शेवटी होता त्याने तर दोन्ही हात सोडले. ती टोळी संपेपर्यंत मी माझा हात वर धरून ठेवला आणि चढत राहिलो. करवत मध्येच कधी बंद झाली ते मला कळलंही नाही.

नळावर मी आधी पोचलो. मुलगी मागून आली ती सायकल आडवी टाकून कठड्यावर बसली.

"त्यांनी मलासुद्धा हात केला," ती धापा टाकत म्हणाली. "मी काहीच करू शकले नाही. श्वासच येत नव्हता."

"तुझा मी केला की. पुढचा करतो तो सगळ्यांचा असतो."

तिने पाणी पिऊन तोंडावर मारलं. बराच वेळ ती तोंड पुसत राहिली.

"आईसारखा केलात. कोपर सरळ करून."

"दुसऱ्या कुणाचा बघितलाय मी इतके दिवस मागून?"

ती हसली, आणि मग आम्ही दोघंही थोडं रडलो. लाज वाटावी असं तिथं कुणी नव्हतं.

"टेम्पोचं काय करायचं?" मी विचारलं.

"राहू दे. आणि आईची सायकल बोळात ठेवू नका, गंजेल. रविवारी मी येणार आहे."

उतरताना आधी हात करायची पाळी माझी होती. मी एकालाही सोडलं नाही. दोन मुली चढत होत्या, त्यांना केला. भाजीच्या पाट्या बांधून एकजण सायकल ढकलत चालला होता, त्याच्याकडून काही अपेक्षा नसते, तरी केला, आणि त्याने हनुवटी उचलली. आमच्या दोघांच्या सायकली भरधाव सुटल्या होत्या आणि माझा हात खाली कमी, वर जास्त होता.

"बाबा," मुलगी मागून ओरडली, "आता केलात तो सायकलवाला नव्हता."

"मग कोण होता?"

"विजेच्या खांबावर चढून काम करत होता."

"त्याने परत केला की नाही?"

"केला," ती म्हणाली. "एका हाताने खांब धरून."