रिकाम्या गच्चीची पाहणी

टेलरबाईंनी गच्चीवर टोमॅटो, वांगी, मिरच्या असं सगळं लावलं होतं. रंगाचे रिकामे डबे, फुटक्या बादल्या, कुणीतरी टाकून दिलेला लहान बाळाचा टब, हाताला लागेल त्यात माती भरलेली. टबातला भोपळ्याचा वेल तर जिन्याच्या छपराला वळसा घालून परत खाली उतरायला लागला होता. अडचण एकच होती. गच्चीवर नळ नव्हता. चार मजले बादल्या वाहून बाईंच्या नाकीनऊ यायचे आणि इमारतीतलं कुणी ढुंकूनही पाहायचं नाही.

अशात नगरपालिकेची योजना आली. शहरी शेती, लोकसहभाग आणि सक्षमीकरण. निवडलेल्या इमारतीला गच्चीवर नळ, शिवाय माती, कुंड्या, बियाणं आणि प्रशिक्षण, सगळं फुकट. नळ म्हटल्यावर बाईंनी शिलाई मशीन थांबवलं आणि ऑफिस गाठलं.

दुसऱ्याच दिवशी पाहणीवाली मुलगी आली. गच्ची बघून तिचा चेहरा पडला.

"काकू, तुम्ही तर आधीच सक्षम आहात," ती म्हणाली. "बदल मोजायचा तर आधी काहीच नसायला हवं."

बाईंनी विचारलं, मग आम्हाला नळ नाही का? मुलगी मनाची चांगली होती. ती म्हणाली, आज मी फक्त पत्ता बघायला आलेय, खरी पाहणी गुरुवारी. गुरुवारी जे दिसेल तेच लिहीन.

बाईंनी घरी येऊन कपाळाला हात लावला. सासूबाईंनी मात्र खुर्चीत बसल्या बसल्या सगळी सूत्रं हातात घेतली. झाडं घराघरांत लपवायची. बाई दारोदार फिरल्या. तिसऱ्या मजल्यावरची नर्स रात्रपाळी करून आली होती, ती झोपेतच हो म्हणाली. पहिल्या मजल्यावरच्या टॅक्सीवाल्याला नळाच्या पाण्यानं गाडी धुता येईल असं वाटलं, म्हणून तोही तयार झाला. दुसऱ्या मजल्यावरच्या पेन्शनर काकांनी पार्किंगच्या भांडणापासून सगळ्यांशी अबोला धरला होता. त्यांनी तोंडातून शब्द न काढता दार सताड उघडं ठेवलं.

गुरुवारी गच्ची लख्ख होती. मुलीनं समाधानानं मान हलवली आणि म्हणाली, आता घरं बघू, बाल्कनीतली शेतीसुद्धा मोजावी लागते.

बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. पण सासूबाईंनी मुलीला चहाला बसवून घेतलं आणि तेवढ्यात खाली निरोप गेला. मग मुलगी पुढच्या जिन्यानं एक मजला उतरली की झाडं मागच्या जिन्यानं भलत्याच मजल्यावर जायची. ती नर्सकडे शिरली तेव्हा मिरच्या टॅक्सीवाल्याकडे होत्या. ती टॅक्सीवाल्याकडे पोहोचली तेव्हा त्याच मिरच्या नर्सच्या पलंगावर होत्या. सगळ्यात हाल भोपळ्याचे. टब टॅक्सीवाल्याच्या डोक्यावर, मधला वेल नर्सच्या खांद्यावर आणि शेंडा पेन्शनर काकांच्या हातात. जिन्याच्या वळणावर काकांनी इतक्या दिवसांत पहिल्यांदा तोंड उघडलं.

"हळू. फूल आहे इथं."

आणि नेमकी तेव्हाच मुलगी मागच्या जिन्यानं आली. सगळे जागच्या जागी थिजले. वेल हलत होता तेवढाच.

"हे काय आहे?" तिनं विचारलं.

"पेशंट," नर्स म्हणाली.

मुलीनं वेलाकडे पाहिलं, नर्सच्या गणवेशाकडे पाहिलं आणि अंग चोरून वाट दिली. इमारत मंजूर झाली.

नळ बसला. त्याच्या उद्घाटनाला योजनेचे मोठे साहेब येणार होते, म्हणून तोवर गच्ची रिकामीच ठेवायची होती. दरम्यान बाईंना प्रशिक्षण घ्यावं लागलं. पहिल्या रांगेत बसून त्या टोमॅटो कसा लावायचा ते शिकल्या. त्यांनी प्रशिक्षणात पेरलेलं बी काही उगवलं नाही. प्रशिक्षक म्हणाले, नवख्यांचं असं होतं.

उद्घाटनाच्या दिवशी साहेबांनी त्यांना माइकसमोर उभं केलं आणि योजनेमुळे आयुष्य कसं बदललं ते सांगायला लावलं. बाईंना खोटं बोलायची सवय नव्हती.

"आधी माझ्याकडे भरलेली गच्ची होती," त्या म्हणाल्या. "आता नळ आहे."

टाळ्यांचा कडकडाट झाला.

साहेब गेल्यावर बाई आपली झाडं आणायला निघाल्या, तर कुणी देईना. नर्स म्हणाली, मिरच्यांना आता माझ्या खोलीची सवय झालीय. काकांच्या पलंगावर भोपळ्यानं मांडव घातला होता. बाई हात हलवत परत आल्या. नळ सोडून त्याची धार बघत उभ्या राहिल्या. नळ मिळाला आणि रडू येतंय, याचं त्यांना हसूही येत होतं.

आठवडाभरात नर्सच वर आली. मिरच्या पिवळ्या पडत होत्या, त्यांना ऊन हवं होतं. जरा ओशाळून तिनं विचारलं, वर जागा मिळेल का? मागोमाग वांगी घेऊन टॅक्सीवाला आला. बाईंनी खडूनं गच्चीवर रेघा मारल्या आणि कुणाचं काय कुठे ते सांगायला सुरुवात केली. आजवर त्यांना असं कुणी काही विचारलंच नव्हतं. आवाज आपसूक चढला.

शेवटी काका आले, टब पोटाशी धरून. भोपळा नळाजवळच ठेवणार म्हणाले. बाई म्हणाल्या, नळाजवळ टोमॅटो. काका म्हणाले, तुम्हाला भोपळ्यातलं काय कळतं? बाईंनी खडू खाली ठेवला, पदर खोचला आणि दोघांचं जे जुंपलं ते दिवेलागणीपर्यंत चाललं. मधे नर्स त्यांना पाणी देऊन गेली.