दीड किलोचं खोटं

गल्लीत त्यांना सगळे काटेवाले म्हणत. दुकानांतले वजनकाटे दुरुस्त करण्यात त्यांची तीस वर्षं गेली होती, आणि या कामात त्यांनी कधी कुणाची भीड ठेवली नव्हती. वाणी असो की सोनार, काटा चोख केल्याशिवाय ते उठत नसत. त्यांच्या बायकोला याचा फार अभिमान होता, आणि वैतागही तेवढाच.

जिभेच्या कर्करोगासाठी घेतलेलं रेडिएशन संपून तीन आठवडे झाले होते. तोंड आतून सोललेलं, लाळ आटलेली. साधं पाणीसुद्धा जाळत खाली जाई. दिवसातून सहा वेळा मीठ-सोड्याच्या पाण्याने तोंड धुवायचं होतं. ‘मिठाची गुळणी धरून गप्प बसणं म्हणजे काय, ते आता कळलं,’ असं त्यांनी वहीत लिहून दाखवलं, तेव्हा बायको खळखळून हसली आणि मग स्वयंपाकघरात जाऊन रडली.

डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं, की शुक्रवारी वजन एकोणपन्नासच्या खाली भरलं तर नाकातून नळी घालून अन्न द्यावं लागेल. त्यात कमीपणा काहीच नव्हता. पण काटेवाल्यांनी मनाशी ठरवलं होतं, जेवायचं ते तोंडानेच.

रविवारी सकाळी ते घरच्या काट्यावर उभे राहिले. बरोबर पन्नास.

“बघा, वाढलं की नाही!” मागून बायको म्हणाली.

ते उतरले आणि सवयीने रिकाम्या काट्याकडे पाहिलं. तो शून्यावर यायला हवा होता, थांबला होता दीडवर. मागचं चाक कुणीतरी फिरवलं होतं. रिकामा काटा कोण बघतंय, असं तिला वाटलं होतं. आणि हे वाटलं कुणाला, तर काटेवाल्यांच्या बायकोला!

रागाने दात-ओठ खावेत, तर तेवढंही तोंड उरलं नव्हतं. तरी गेल्या चार दिवसांत ते पहिल्यांदाच बोलले.

“माझ्या घरात खोटा काटा?”

“अहो, तुम्ही खचाल म्हणून...”

त्यांनी चाक फिरवून शून्य जुळवलं आणि पुन्हा वर चढले. साडेअठ्ठेचाळीस.

“बरं झालं,” ते म्हणाले. “किती खायचंय ते तरी कळलं. आण केळं.”

मग पाच दिवस एकच काम. तोंड बधिर करणारं औषध घोळवायचं, पाव तास थांबायचं आणि लहान चमचा उचलायचा. दुधात कुस्करलेलं केळं, लोणी घातलेला बटाट्याचा लगदा, गार झालेलं मऊ अंडं. कशालाच चव नव्हती. डोळ्यांतून पाणी गळे, पण चमचा थांबत नसे. एका वाटीला तास लागला तरी बायको समोरून हलली नाही.

शुक्रवारी दवाखान्यात त्यांनी आधी रिकामा काटा वाकून पाहिला. नर्सला हसू आलं. मग त्यांनी चपला काढल्या, स्वेटर काढला, खिशातल्या किल्ल्या बायकोच्या हातात दिल्या आणि वर चढले.

“एकोणपन्नास किलो दोनशे,” नर्स म्हणाली. “नळी नको आता.”

बायको रांगेतल्या लोकांकडे वळली. तिला कुणीही काहीही विचारलेलं नव्हतं.

“खरं वजन आहे हो हे,” ती मोठ्याने म्हणाली. “यातला एक ग्रॅमसुद्धा माझा नाही. सगळं यांनी खाल्लंय!”