परदेशी खेळाडूची जागा

आमच्या बाबांना वाटतं, त्यांनी सरकारला गंडवलं. गंडला तो माझा धाकटा भाऊ, सौमित्र.

झालं असं. सौमित्र बारा वर्षांचा असताना आम्ही सिंगापूरच्या पीआरसाठी, म्हणजे कायम राहण्याच्या परवान्यासाठी, अर्ज करायचं ठरवलं. बाबांनी स्वतःचा, आईचा आणि माझा केला आणि त्याला तेवढं स्टुडंट पासवर ठेवलं. कारण पीआर मुलाला अठराव्या वर्षी दोन वर्षं सैन्यात काढावी लागतात. गार्गीचं, म्हणजे माझं, ठीक आहे, मुलाची दोन वर्षं कशाला वाया घालवायची, असा पुणेरी हिशेब. गणपतीच्या आरतीनंतर प्रसाद खाताना सगळे काका लोक एकमेकांना हीच अक्कल वाटत असतात.

फुटबॉल तेव्हा कोणाच्या खिजगणतीतही नव्हता. क्लेमेंटीत आमच्या ब्लॉकखाली तो आणि शेजारचा फैझल शाळा सुटली की खेळायचे, एवढंच. पुढे दोघं एकाच क्लबच्या ज्युनिअर टीममध्ये गेले आणि या सीझनला तर सौमित्रने गोलांचा सपाटाच लावला. फैझल पास द्यायचा, हा मारायचा, आणि मी ओरडून ओरडून घसा बसवून घ्यायचे. आई थालीपीठं न्यायची, ती फैझलची आईसुद्धा मागून खायची.

सीझन संपताना कोच घरी आला. सरळ माणूस. म्हणाला, पोरगा मुख्य टीममध्ये हवाय, पण लीगच्या नियमाने हा परदेशी खेळाडू. परदेशी जागा मोजक्या, त्यांवर क्लब ब्राझीलचा तयार गडी आणणार, क्लेमेंटीचा पोरगा नाही. देशाकडून खेळायचं तर नावच नको, तिथे पासपोर्ट लागतो. वेळेत पीआर घेऊन सैन्यात गेला असता तर, एवढं म्हणून तो चहा पीत बसला.

बाबा हसत म्हणाले, हरकत नाही, इंजिनिअरिंग आहेच. मला असा संताप आला की मी उठून आत गेले. जो रागावला तरी इथल्या पोरांसारखं वाक्याच्या शेवटी 'लाह' लावतो, तो परदेशी! अतिशहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय.

सौमित्रने हट्टाने आता पीआरचा अर्ज केला. दोन काय, चार वर्षं सैन्यात जातो म्हणाला. नकार आला. कारण सांगत नाहीत, पण आम्हाला कोणी सांगायची गरजही नव्हती.

फैझल तेव्हा सैन्यातच होता, डोकं बारीक कापलेलं. त्याची राष्ट्रीय संघात निवड झाली. सौमित्रने खाली जाऊन त्याला मिठी मारली, वर आला आणि स्वतःचे बूट कचरा खाली सोडायच्या पाइपात टाकले. आई रडली. बाबा म्हणाले, आता अभ्यासात लक्ष लागेल.

काल सिंगापूरची मॅच होती, टीव्हीवर पाहिली. फैझलने पुन्हा पुन्हा सुंदर चेंडू गोलसमोर टाकला आणि तिथे कोणी वेळेवर पोचेना. आपण हरलो. बाबा शेंगदाणे खाता खाता वैतागले.

"एवढ्या देशात एक धड गोल मारणारा पोरगा मिळू नये यांना?"

सौमित्र एरवी घरात इंग्रजीतच बोलतो. काल मराठीत बोलला, अगदी शांतपणे.

"मिळाला होता, बाबा. तुम्ही लपवून ठेवलात."

बाबांनी टीव्हीचा आवाज वाढवला.